दोन इंचांचा उतार

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ. गॅरेजमध्ये हवेची लाईन टाकायची मजुरी साडेचार हजार रुपये ठरली आणि त्यातले दोन हजार मी तिथल्या तिथे आगाऊ दिले. हजर चौघे: मी, पत्नी, बाभुळगावहून मुद्दाम आलेला मेव्हणा आणि मिस्त्री. एवढं सगळं मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं, कारण मिस्त्रीवर माझा विश्वास नव्हता.

विश्वास नसावा असं त्याने काहीच केलं नव्हतं. पण त्याचं नाव मला ज्या दुकानातून काँप्रेसर घेतला त्या दुकानदाराने सुचवलं होतं, आणि दुकानदाराने सुचवलेल्या माणसाचं दुकानदाराशी काहीतरी ठरलेलं असतं असा माझा वर्षानुवर्षांचा समज. मी यवतमाळच्या एका कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. बिलं तपासण्यातच माझी पंचवीस वर्षं गेली. बिलाच्या कागदाला हात लावला की आधी बेरीज पाहायची आणि मग वस्तू मोजायच्या, ही सवय घरीही सुटत नाही. पत्नी म्हणते, "टमाटे तोलल्यावर पुन्हा मोजणारा माणूस मी दुसरा पाह्यला नाही."

गॅरेज नावालाच गॅरेज आहे. गाडी बाहेर कडुनिंबाखाली उभी असते आणि आत माझं टेबल, शिकंजा, घासायची मशीन आणि रंगाचे डबे. जुन्या लोखंडी वस्तू घासून, रंगवून नव्यासारख्या करायचा मला नाद आहे. इतके दिवस ब्रशने रंग देत होतो. ब्रशच्या रेघा राहतात म्हणून शेवटी दाबलेल्या हवेने रंग फवारायला दोन हॉर्सपॉवरचा, शंभर लिटर टाकीचा काँप्रेसर घेतला. आता एका कोपऱ्यात काँप्रेसर, तिथून भिंतीवरून वीस फूट पाईप आणि तीन ठिकाणी खाली उतरणारे नळ, म्हणजे हवेची नळी कुठेही जोडता येईल, अशी माझी योजना होती.

मेव्हणा आला होता तो त्याच्या कामासाठी. त्याला बाभुळगावात दुचाकींच्या सर्व्हिसिंगचं दुकान सुरू करायचं होतं आणि तिथे याच प्रकारची पण पाचपट मोठी लाईन लागणार होती. "भाऊजी, तुमच्याकडचं काम चांगलं झालं तर तिकडचंही यालेच देतो," असं तो मिस्त्रीच्या देखतच म्हणाला. दुकानात ठेवायला त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, लोखंडी कपाट त्याने टेम्पोत घालून आणलं होतं. ते मी नव्या हवेवर रंगवून द्यायचं होतं.

मिस्त्री पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. यवतमाळजवळच्या लोहारा गावी राहायचा. तिथल्या एका कारखान्याच्या काँप्रेसर रूममध्ये सोळा वर्षं काढलेली; कारखाना बंद झाल्यावर मिळतील ती कामं करत होता. मेव्हण्याचं बोलणं ऐकून तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. "भाऊचं शंभर फुटाचं काम हाय. थे भेटलं तर माहा हिवाळा निंगते, साहेब. तुमचं काम पाहूनच ठरू द्या."

मला ते बोलणंही खटकलं. काम मिळवायला माणूस जरा जास्तच गोड बोलतोय असं वाटलं.

सामान मी स्वतः आणणार असं ठरलं होतं, यादी तेवढी त्याने द्यायची. यादी हातात आली तेव्हा मी आधीच कागदावर माझा हिशेब करून ठेवलेला होता. पाच फूट वर, वीस फूट आडवा, साडेतीन फुटांच्या खाली येणाऱ्या तीन पाईप: साडेपस्तीस, म्हणजे छत्तीस फूट पाईप. वळणाचे एल्बो दोन, तीन तोंडांचे टी दोन, उघडबंद करायचे कॉक तीन. मिस्त्रीच्या यादीत पाईप चव्वेचाळीस फूट, एल्बो आठ, टी सहा, कॉक सात.

"मिस्त्री, तीन नळांना सात कॉक कशाला?"

"चार पानी काढाचे, साहेब."

"आपण हवेची लाईन टाकतोय."

"हो ना. हवेतलंच पानी."

"हवेच्या लायनीत पाणी कुठून येईल?"

तो हसला. "येते, साहेब. चालू करा, मंग पाहान."

मी लगेच विचारलं, की एका कॉकची किंमत काय. तो म्हणाला, दोनशे वीसच्या आसपास. बोलणं किमतीवर गेलं ते गेलंच. पुढे त्याने काही समजावलं नाही आणि मी विचारलं नाही. मनात मात्र पक्कं धरलं, की जास्तीचे चार कॉक, सहा एल्बो आणि चार टी यांत दुकानदाराचा आणि याचा वाटा आहे. सामान आणलं, पण त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली.

काम त्याने दोन दिवसांत केलं. सोमवारी मी ऑफिसात होतो, घरी पत्नी होती. संध्याकाळी आलो तर लाईन उभी. प्रत्येक सांध्यावर तो दाढीच्या जुन्या ब्रशने साबणाचा फेस लावत होता. फेसात एक जरी बुडबुडा फुगला तर सांधा गळतोय असं समजायचं. बावीस सांधे मी त्याच्यामागे फिरून पाहिले, एकही बुडबुडा नाही. सात वाजता टाकीचा काटा आठ किलो दाबावर होता. मंगळवारी सकाळी सहाला मी पुन्हा पाहिला, तो साडेसातच्या थोडा वर. एवढ्या वेळात अर्ध्या किलोहूनही कमी उतरला होता.

कोणी समाधानी झाला असता. मला वेगळीच शंका आली. ज्याचे सांधे इतके घट्ट, त्याची पाईप वाकडी का? कारण पाईप वाकडी होती. डोळ्यांनाच दिसत होती. पाण्याची लेव्हल नळी लावून पाहिलं तर वीस फुटांत टोकाकडे पूर्ण दोन इंच खाली. शिवाय खाली येणारी प्रत्येक पाईप आडव्या पाईपच्या पोटातून न काढता पाठीवरून काढलेली: आधी वर, मग वळसा घेऊन खाली, उंटाच्या मानेसारखी. त्या वळशांमध्येच सहा एल्बो गेले होते. सरळ खाली काढली असती तर एकही लागला नसता.

मंगळवारी मिस्त्री उरलेले अडीच हजार न्यायला आला. मी त्याला पाईप दाखवली. "वीस फुटात दोन इंच चुकलात."

"चुकलो नाही, साहेब. उतार हाय थो. दहा फुटाले एक इंच."

"आणि हे वळसे?"

"पानी खाली ऱ्हायते ना पाईपात. वरून काढलं तं कोरडी हवा येते."

पुन्हा पाणी. मला वाटलं, हा मूळचा नळाचा प्लंबर असेल आणि तीच सवय इथे चालवतोय, किंवा चूक झाकायला एकच शब्द पाठ करून आलाय. मी म्हणालो, "आठ दिवस चालवून पाहतो, मग देतो." त्याने ब्रश पिशवीत टाकला आणि जाताना म्हणाला, "बाभुळगावच्या भाऊले सांगजा, साहेब, काम कसं झालं थे. आन टाकीखालचा कॉक रोज खोलत जा."

बाभुळगावला मी सांगितलं. त्याच संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला होता.

"काय म्हणते मिस्त्री, भाऊजी? जमलं काय?"

"सांधे चांगले बसवतो. पण सामान चढवून लावतो. लाईन दोन इंच वाकडी. चार कॉक फालतू आहेत, मी मोजलेत."

"बाप्पा. माझ्याकडं शंभर फूट हाय. म्हणजे किती चढवीन?"

मी हिशेब करूनच सांगितला. पाचपट. त्याने फोन ठेवला. मी बरोबर माहिती दिली असंच मला वाटलं होतं, आणि त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

पुढचा रविवार मी माझ्या पद्धतीने कारणी लावला. भिंतीवरच्या पट्ट्यांचे स्क्रू काढले, टोक दोन इंच वर उचललं, उतरणाऱ्या पाईपांच्या पट्ट्यांसाठीही भिंतीत नव्याने भोकं पाडली आणि लेव्हल नळी लावून पाईप अशी बसवली की दोन्हीकडचं पाणी केसभरही वरखाली नाही. खाली येणाऱ्या तिन्ही पाईपांच्या तळाचा एकेक आणि लाईनच्या टोकाचा एक, असे चारही फालतू कॉक काढले. त्यांच्या जागी प्लग, म्हणजे आट्यांची बुचं, बसवून बंद केलं. कॉक पुसून सोमवारी दुकानात परत नेले. दुकानदाराने नगामागे वीस रुपये कापून आठशे परत दिले. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण तो खजील वगैरे झालेला दिसला नाही. उलट म्हणाला, "मिस्त्रीनं काढाले सांगतले काय?" मी पैसे मोजून खिशात घातले.

टाकीखालचा कॉक मी एकदाही उघडला नाही. तो उघडला की भरलेली हवा वाया जाणार आणि पुन्हा भरायला वीज लागणार. रोज असं का करायचं?

दोन आठवडे नळीने धूळ उडवली, सासऱ्यांचं कपाट घासून पत्रा उघडा केला, तांबडं अस्तर दिलं. शनिवारी दुपारी शेवटचा राखाडी रंग द्यायला घेतला. रविवारी मेव्हणा कपाट न्यायला येणार होता. डावं दार आरशासारखं झालं. उजव्या दारावर आलो आणि स्प्रेगन अडखळली, थुंकल्यासारखी फुरफुरली आणि ओल्या रंगावर वाटाण्याएवढे खळगे पडले. त्यांच्या मधोमध पत्रा दिसत होता. थांबलो, गन झटकली, पुन्हा मारलं. पुन्हा तेच. दहा मिनिटांत दार देवी आलेल्या चेहऱ्यासारखं झालं.

पहिला संशय थिनरवर गेला. डबा हुंगला, कागदावर थेंब टाकून वाळवला. ठीक होता. मग गन खोलून साफ केली, पण तीही ठीक होती. मग हवेच्या नळीचं टोक तळहातावर धरून दाबलं, आणि तळहात ओला झाला.

पाणी. मी तिथेच स्टुलावर बसलो. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मिस्त्रीने अडीच हजारांच्या रागापोटी माझ्या टाकीत पाणी ओतलं.

मी घरात गेलो. पत्नी शेंगा सोलत होती. "मिस्त्री मी नसताना आला होता का?"

"आलता ना. बुधवारी. पैसे मागाले."

"गॅरेजमध्ये गेला होता?"

"गेलता. त्याचा पाना राह्यला होता थो घेतला."

"एकटा? किती वेळ?"

तिने शेंग खाली ठेवली. "मी संगंच होते. पाच मिनिटं. वर पाहून म्हणे, ताई, कॉक कुठी गेले? म्या म्हटलं साहेबानं परत केले. मंग पाईपाकडं पाह्यलं आन म्हणे, हे सरळ कोणं केलं? म्या म्हटलं, त्यानंच. जाता जाता म्हणे, साहेबाले म्हणा टाकीखालचा कॉक तरी खोला."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं. तुम्ही लाईटबिल पाहून राह्यले होते. म्हणाले, हो."

स्वयंपाकघरातलं लिटरचं माप घेऊन मी गॅरेजमध्ये आलो. टाकीखाली आडवा होऊन कॉक खोलला. फस्स झालं आणि हवेच्या आधी पाणी आलं, गंजाच्या रंगाचं, चहासारखं. माप भरलं, ओतून पुन्हा धरलं. एकूण सव्वा लिटर. मग काँप्रेसर बंद करून, लाईनीतली हवा सोडून टोकाचा प्लग फिरवला, तर तिथून आणखी दोन कप. मी सरळ केलेल्या पाईपला कुठेच उतार नव्हता, म्हणून पाणी पाईपभर साचलं होतं, आणि साचलेल्या पाण्यावरून धावणारी हवा ते उचलून माझ्या गनमध्ये आणत होती.

मग बसून हिशेब केला. गॅरेजातली हवा ओलसर असते हे मला माहीत होतं. आठ टाक्यांची हवा एका टाकीत कोंबली तर आठ टाक्यांचा ओलावाही तिथेच येतो. हवेत तेवढी जागा उरत नाही, मग तो पाणी होऊन खाली बसतो. पाणी काढायला टोकाचा कॉक, टोकापर्यंत यायला उतार, नळात येऊ नये म्हणून पाठीवरचा वळसा, आणि तरीही आलंच तर प्रत्येक नळाच्या तळाला एक कॉक. आठ एल्बो, सहा टी, सात कॉक. यादीत एकही नग जास्त नव्हता. माझ्या छत्तीस फुटांच्या हिशेबात फक्त हवा होती.

रविवारी मेव्हणा आला. त्याने उजवं दार पाहिलं, एका खळग्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाबांचं कपाट होतं, भाऊजी."

मी त्याला सगळं सांगितलं, मापासकट. विचारलं, "तुझं काम?"

"थे तं दुसऱ्याले देल्लं. तीन हजार आगाऊही देल्ले. तुम्हीच म्हणाले ना, चढवून लावते."

"त्याने लाईन कशी सांगितलीय? उतार देणार का?"

"थो म्हणे एकदम सरळ टाकतो. कमी सामानात. तेच तं आवडलं मले."

मी गाडी काढली आणि मेव्हण्याला घेऊन लोहाऱ्याला गेलो. मिस्त्री अंगणात कुणाची तरी पाण्याची मोटर खोलून बसला होता. त्याने आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि मोटर बाजूला सारली. मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. सव्वा लिटर निघालं."

"टाकीतून?"

"टाकीतून. लाईनीतून आणखी दोन कप."

"आन कपाट?"

"खराब झालं."

तो मेव्हण्याकडे पाहत म्हणाला, "भाऊ, मले मालूम हाय काहून काम गेलं थे. ताई म्हणे, साहेबानं कॉक वापस केले. तेव्हाच समजलं. वाकडी लाईन टाकणारा मिस्त्री झालो मी." आवाज चढला नव्हता. वायसरावर फडकं फिरवत तो पुढे म्हणाला, "सोळा वर्षं मी तेच केलं. सकाळी ड्यूटीवर गेलो का पह्यले पानी काढाचं. तुम्ही विचारलं असतं तं सांगतलं असतं. तुम्ही भाव विचारला."

मी म्हणालो, "ते मी बाभुळगावला सांगितलं, ते चुकीचं होतं. यांच्यासमोर सांगतो."

मेव्हणा खुर्चीत चुळबुळला. "मिस्त्री, काम तुम्हीच करा. पण थो दुसरा माणूस माझे तीन हजार वापस नाही करणार. मले दोनदा पैसे देणं जमणार नाही."

"थे तुमचं तुम्ही पाहा," मिस्त्री म्हणाला.

मी सांगितलं की ते माझं आहे, तीन हजार मी भरीन.

मिस्त्रीने मान हलवली. होकार आहे की नाही ते मला कळेना, म्हणून काम घेणार का असं मी सरळच विचारलं. तेव्हा तो हसला. "येतो. पन साहेब, तुमची लेव्हल नळी घेऊन तिकडं येऊ नका."

पुढच्या रविवारी त्याने माझी लाईन पुन्हा उतारावर आणली. टोकाला दोरी धरायला मी होतो. दोन इंच मोजून त्याने खडूने भिंतीवर खूण केली आणि म्हणाला, "मोजून घ्या." मी मोजलं नाही. हे लिहिताना आठवतं, की हात खिशातल्या टेपकडे गेला होता.

कपाटाचं दार मी पुन्हा घासलं. दुसऱ्यांदा रंग देण्याआधी टाकीखालचा कॉक खोलला, लाईनीचे चारही खोलले, पाणी मापात धरलं: अर्धी वाटी. दार डाव्यासारखं झालं नाही, पण मेव्हण्याने ते तसंच नेलं आणि दुकानात उजवं दार आडोशाला येईल असं ठेवलं. बाभुळगावची लाईन मिस्त्रीने सात दिवसांत टाकली. मी ती अजून पाहिलेली नाही.

शेवटी पैसे दिले ते असे. दुकानदाराला तेच चार कॉक पुन्हा घेण्याचे आठशे ऐंशी. मिस्त्रीला राहिलेले अडीच हजार आणि लाईन पुन्हा बसवायची एका दिवसाची मजुरी सातशे, मिळून तीन हजार दोनशे. त्याने नोटा मोजल्या नाहीत, तशाच खिशात घातल्या. आणि मेव्हण्याला, त्या दुसऱ्या माणसाकडे बुडालेले तीन हजार, पत्नीच्या हातून.